आधी बांधणाऱ्यानं बसावं

वारलूभाऊ,

तुमच्या तेरवीच्या पंगतीतून मी अर्ध्यावर उठले, हे तुमच्या पारबताबाईंनी एव्हाना तुमच्या फोटोला सांगितलंच असेल. पण मी का उठले ते मी त्यांनाही धड सांगितलं नाही. पत्रावळीवर भात वाढला होता. समोर तुमची विहीर दिसत होती आणि बादलीला पिवळा नायलॉनचा दोर बांधलेला होता. त्या दोराला मध्येच एक गाठ होती. तो दोर मी कापला होता, भाऊ. माझ्या हातानं, तुमच्या डोळ्यांदेखत. म्हणून उठले.

तुमची माझी ओळख फार जुनी नाही. नागभीडच्या पुढे धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत नाटकाचा मांडव उभा राहत होता, भर दुपारी. मी गाडी थांबवून पाहत बसले होते. तुम्ही खाली उभे, तुमच्या हाताखालचा दौलत वर चढलेला, आणि तुम्ही नुसत्या हाताच्या खुणेनं त्याला गाठी सांगत होता. एवढं मोठं कापड त्या उघड्या रानात वाऱ्यावर चढलं आणि कुठे एक सुरकुती राहिली नाही. मग तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत, मांडवाच्या मधोमध एकटे जाऊन बसलात आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत वर पाहत राहिलात. मी दौलतला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "बांधनाऱ्यानं आधी बसाव लागते. थो बसल्याबिगर कोनी आत नाई जात. भाऊच्या बापापासून आहे हे."

पुढे कळलं की झाडीपट्टीची नाटकं इतकी वर्षं होत होती, तुम्ही प्रत्येक मांडवात हजर होता, आणि एकही नाटक तुम्ही धड पाहिलेलं नव्हतं. लोक रंगमंचाकडे पाहून रडायचे नि तुम्ही छताकडे पाहत बसायचात. पारबताबाई म्हणाल्या होत्या, "यायले इचारा नाटकात कोन मेलं, तं सांगता नाई येनार. खुटा कोनता हालला ते बराबर सांगतीन."

मला त्या वेळी असाच माणूस हवा होता. चंद्रपूरच्या मूल रस्त्यावरच्या विज्ञान संग्रहालयासाठी इंजिनियर म्हणून मी एक मनोरा आखला होता. नऊ मजल्यांएवढा उंच, पण वजनाला हलका. मध्ये एकच बारीक पोलादी खांब, आणि त्याच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत तीन बाजूंना ताणलेली पांढऱ्या कापडाची तीन शिडं. खांबाचा पाय पुरलेला नव्हता. तो एका पोलादी वाटीत नुसता टेकवलेला. तीन शिडं तीन दिशांना सारख्याच जोरानं ओढतात, म्हणून खांब उभा राहतो. पहिल्या आराखड्यात खांबाला तीन पोलादी दोरही होते. ते मी काढून टाकले. दोरांशिवाय मनोरा इतका देखणा दिसत होता की मलाच माझं कौतुक वाटलं. हे तुम्हांला मी कधी सांगितलं नाही. तुम्हांला वाटत राहिलं की दोर मला सुचलेच नव्हते.

बाहेरगावचे कारागीर ऐनवेळी आले नाहीत आणि मी तुम्हांला बोलावलं. तुम्ही आलात ते हेल्मेट हातात धरून. पहिल्या दिवशी ते खुंट्याला अडकवलंत, नंतर मी ओरडले म्हणून डोक्यावर घातलंत आणि म्हणालात, "बाई, आभाळ पडन तं हे टोपलं काय करन?" मी त्याला मेंब्रेन म्हणायचे, तुम्ही कापड. मी ताण मोजायचं यंत्र लावायचे, तुम्ही बोटाच्या पेरानं कापडावर टिचकी मारून कान लावायचात आणि म्हणायचात, "उजवीकडं जराशी कमी आहे." यंत्र तेच सांगायचं. मला राग यायचा. खरं सांगते, आनंदही व्हायचा, पण राग आधी यायचा. माझा स्वभाव तुम्ही पाहिलाच आहे.

आपलं भांडण कापडाच्या ताणावरून सुरू झालं. तुमचं म्हणणं, वारा आला की कापडानं थोडं सैल पडावं, पश्चिमेला एक सोडगाठ ठेवावी, वादळ-वावधन आलं की ती ओढावी आणि कापड खाली घ्यावं. मी म्हणत होते, हे कापड ताडपत्री नव्हे. हे सैल पडलं की फडफडतं आणि फडफडलं की स्वतःच स्वतःला फाडतं. त्या बाबतीत तुमची चूक होती, भाऊ. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही.

पण तुमचा दुसराही प्रश्न होता. तीनदा विचारलात. पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता: "बाई, एका बाजूचं कापड फाटलं तं खांब्याले कोन धरन?" मी म्हणाले, फाटणार नाही. दुसऱ्यांदा तिन्ही शिडं चढल्यावर. मी म्हणाले, भाऊ, वाऱ्याचा जेवढा जोर येईल त्याच्या कितीतरी पट ताकदीचं कापड आपण घेतलंय. तिसऱ्यांदा तुम्ही तो संग्रहालयाच्या साहेबांसमोर विचारलात, आणि तिथे माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी त्याच दिवशी त्यांना लेखी दिलं: कापड फाटण्याची शक्यता विचारात घेण्याची गरज नाही. खाली सही ठोकली.

मग तो दिवस. तिसऱ्या शिडाचा शेवटचा ताण दिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "बसा भाऊ. मान तुमचा."

तुम्ही शिडांच्या बाहेर उन्हात उभे होता. म्हणालात, "नाई बसत."

"का?"

"बाई, मी बांधलं की बसत असतो. हे मी बांधलं, पन मले हे उभं दिसून नाई राह्यलं. हे तीन दोर राहू द्या, मंग बसतो."

खांब उभा करताना आधाराला तुम्ही तुमचे तीन पिवळे दोर माथ्यापासून खुंट्यांपर्यंत बांधले होते. काम झाल्यावर ते काढायचे असं ठरलेलं होतं. साहेब होते, फोटो काढणारा आला होता, आणि त्या देखण्या पांढऱ्या शिडांमधून तीन पिवळे दोर आडवे येत होते. मी दौलतला म्हटलं, सोडा. दौलत तुमच्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा म्हटलं. कोणी हललं नाही. मग डोक्यात राख घालून मी म्हणाले, "हा नाटकाचा मांडव नाही, वारलूभाऊ." आणि पेटीतली सुरी घेऊन तिन्ही दोर कापले.

तुमचा चेहरा तेव्हा मी पाहिला नाही. पाहायचं टाळलं. तुम्ही फक्त एवढं म्हणालात, "बाई, दोर कापत नसते. सोडत असते." दौलतकडून वरचे तुकडे उतरवून घेतलेत, खालचे स्वतः गोळा केलेत, सहाही तुकड्यांची नीट वेटोळी केलीत आणि हेल्मेट खुंट्याला अडकवून निघून गेलात. मनोरा त्या दिवशी उभाच होता. संध्याकाळी मला वाटलं, बघा, उभा आहे ना!

पुढच्या दिवसांत तुम्हांला फोन करावा असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी ठरवलं की तुम्ही करावा. मग दौलतचा आला. सकाळी मोहाची फुलं वेचून आलात, टोपली उतरवलीत, ओसरीत भिंतीला टेकलात, पाणी मागितलंत. पारबताबाई पाणी घेऊन आल्या तोवर तुम्ही नव्हता. बस, एवढंच.

तर तेरवी. मी विहिरीपाशी उभी होते, दोराच्या गाठीवर बोट ठेवून. पारबताबाई मागून आल्या. म्हणाल्या, "फेकत होतो मी ते तुकडे. हे म्हणत, दोर चांगला आहे, फेकाव कशाले. जोडले बसून. एक विहिरीले, दोन वासराइले." मी म्हणाले, बाई, हे दोर मी कापले. त्या म्हणाल्या, "ठाव आहे मले." मला वाटलं आता चार शब्द ऐकवतील. मी तयार होते. त्या म्हणाल्या, "हे म्हणत, बाई लय हुशार आहे, तिच्यासारखं डोकं नाई पाह्यलं. पन मी एक गोष्ट इचारली तं तिनं जवाब नाई देल्ला. रोज म्हणत. जेवताना म्हणत." मग थांबून मलाच विचारलं, "काय इचारलं होतं, बाई?"

पंगत तशीच सोडून मी चंद्रपूरला परतले. सिंदेवाहीपासून सगळा रस्ता मी तुमच्याशी भांडत आले, मोठ्यानं, काचा वर करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते केलं, जे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच करायला हवं होतं. संगणकावर मनोरा उभा केला आणि पश्चिमेचं शीड पुसून टाकलं. वाराही लावला नाही, नुसतं एक शीड काढलं. काय होणार ते मला उत्तर येण्याआधीच कळलं होतं. दोन शिडांनी खांब आपल्याकडे ओढला आणि पाय वाटीत असलेला खांब झोपला. तो प्रवेशद्वाराच्या बाजूला झोपला, जिथे शाळांच्या पोरांची रांग लागणार होती. मी तीनदा करून पाहिलं. तुम्हीही तीनदाच विचारलं होतंत.

उद्घाटन चार दिवसांवर होतं. मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, माझी चूक झाली, तीन पोलादी दोर लावल्याशिवाय लोकांना आत सोडू नका, मनोरा सुरक्षित असल्याचं पत्र मी देणार नाही. साहेबांनी खणातून कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. कापड फाटण्याची शक्यता विचारात घेण्याची गरज नाही. माझीच सही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ते म्हणाले, "मॅडम, तेव्हा तो मांडववाला बोलत होता तर तुम्ही त्याला गप्प केलंत. आता तुम्हीच त्याची भाषा बोलताय. पाहुणे ठरलेत, निमंत्रणं गेलीत. पावसाळ्यानंतर लावा तुमचे दोर. तोवर काही होत नाही."

काही होत नाही. हे वाक्य मी तुम्हांला किती वेळा ऐकवलं होतं! मी म्हणाले, मी फाटकावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. ते म्हणाले, सही करणारे दुसरे इंजिनियर मिळतात. मी म्हणाले, मिळतील. या एका कामावर माझं पुढचं सगळं उभं होतं आणि मीच त्याखालची वाटी काढून घेत होते. एक क्षण असाही आला की वाटलं, ते म्हणतात ते खरंच असेल, फाटणार नाही, कापड चांगलं आहे. मनोऱ्यापेक्षा त्या क्षणाची मला जास्त भीती वाटली.

दुपारची वेळ होती. ताडोबाच्या बाजूनं आभाळ काळंनिळं झालं होतं आणि धूळ उठली होती. मी म्हणाले, "साहेब, एक काम करा. माझ्याबरोबर चला आणि मनोऱ्याखाली पाच मिनिटं बसा. तुम्ही बसलात तर मी सही करते."

आम्ही गेलो. वारा वाढत होता. शिडं तुम्हांला आवडायची तशी घुमत होती, खालच्या सुरात, आणि तो सूर छातीत जाणवत होता. वाटीत पाय करकर करत होता. मी खांबाशेजारी बोट दाखवून म्हणाले, बसा. साहेबांनी वर पाहिलं. मग पश्चिमेच्या शिडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी विचारलं, "आणि हे आत्ता फाटलं तर?"

"तेच वारलूभाऊ विचारत होते."

ते बसले नाहीत. चालत शिडांच्या बाहेर गेले, मग चाल वाढवली, आणि व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. उद्घाटन पुढे गेलं. वारा अर्ध्या तासात ओसरला, काहीही फाटलं नाही, आणि माझ्याशी ते अजून नीट बोलत नाहीत. वर्तमानपत्रात तांत्रिक कारण असं आलं. मी त्यांना लेखी दिलंय की कारण मी आहे.

पोलादी दोर यायला वेळ लागणार होता. तोवर काय? मी फाटकाला कुलूप घातलं आणि दौलतला फोन केला. वाटलं होतं, तो शिव्या घालील. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, तो तिन्ही पिवळे दोर खांद्यावर टाकून आला. म्हणाला, "पारबताबाईनं स्वतः काढून देल्ले. विहिरीचा बी. म्हणे, जिथचे होते तिथं जाऊ द्या." मी इंजिनियर आहे, भाऊ, गाठीनं दोराची ताकद निम्म्यावर येते हे मला माहीत आहे. मी नवे जाड दोर मागवलेच होते आणि खरा भार मी त्यांच्यावरच धरला. पण दौलतनं तुमचेही बांधले, नव्यांच्या शेजारी, आणि मी काही बोलले नाही. दिसायला मनोरा अगदी वाईट दिसत होता. मी रोज जाऊन पाहत होते.

काल पोलादी दोर बसले. बारीक आहेत, लांबून दिसतही नाहीत. एवढ्यासाठी मी रुसून बसले होते! ताण दिल्यावर जाड दोर उतरवले, पिवळे वरून सैल केले आणि मी दौलतला म्हटलं, आता पश्चिमेचं शीड पूर्ण सैल करा. त्यानं चेन-पुली हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, बाहेर या आधी."

मी म्हणाले, "नाही. बांधणाऱ्यानं आधी बसावं."

त्यानं खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून माझ्याजवळ ठेवली आणि बाहेर गेला. मी खांबापाशी मांडी घालून बसले. शीड हळूहळू खाली आलं. एका बाजूला पांढरं छत नाहीसं झालं आणि तिथून एकदम ऊन अंगावर पडलं. खांब कण्हला. वाटीत पाय सरकल्याचा आवाज आला. माथा बाकीच्या दोन शिडांकडे वीतभर झुकला, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं. मोठ्यानं. दौलतनं ऐकलं असेल. मग पश्चिमेचा पोलादी दोर ताठ झाला, एकदा झणकारला, आणि माथा तिथेच थांबला. मी वर पाहत राहिले. एक खर्रा संपायला लागतो तेवढा वेळ बसले. नाटक वगैरे काही पाहिलं नाही, खुंटे पाहिले. एकही हलला नव्हता. तेव्हा मी रडले, भाऊ, आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही.

शीड पुन्हा चढवून झाल्यावर दौलत पिवळे दोर काढायला आला. वरची टोकं त्यानं सोडली. खालच्या गाठी मात्र ताणानं आणि दोन अवकाळी सरींनी दगड झाल्या होत्या. त्यानं बराच वेळ खटपट केली आणि स्वतःच म्हणाला, "नाई सुटत, बाई. कापून टाकू. भाऊ असते तं ते बी कापू म्हणले असते."

"नसते म्हणाले," मी म्हटलं, आणि खुंट्यापाशी बसले.

पहिल्या गाठीला तासभर लागला. दोन नखं मोडली. दुसरी दौलतनं सोडली. तिसरी आम्ही दोघांनी मिळून, आणि ती सुटली तेव्हा संग्रहालयाचा पहारेकरीही येऊन उभा होता. मधल्या तीन गाठी तुमच्या, तुकडे जोडलेल्या. त्यांना मी हात लावला नाही.

आज सकाळी दोर पारबताबाईंकडे पोचवले. विहिरीचा मीच बांधला, त्यांनी पुन्हा सोडून नीट बांधला. एक बादली ओढून पाहिली. तुमची गाठ रहाटावरून खट् करून गेली आणि पाणी वर आलं. त्यांनी परत विचारलं, "काय इचारलं होतं त्यायनं, बाई?" या वेळी मी सांगितलं. त्यांनी बादली काठावर ठेवली आणि विचारलं, "मंग, कोन धरते आता?"

मी त्यांना तीन दोरांचं सांगितलं. तुम्हांलाही तेच सांगायचं होतं, वारलूभाऊ. उशीर झाला, पण जबाब हा आहे. आता या आणि बसा.